पोत्यावरचा आकडा

मे महिन्यात भिलाईत ब्लीचिंग पावडरचं पोतं उघडलं की डोळ्यांतून पाणी येतं. नवी पोरं म्हणतात, ‘सर, माल जोरदार आहे.’ उलट आहे बाबांनो, जोर हवेत चाललाय! पोत्यावर ३३ टक्के क्लोरीन छापलेलं असतं. उकाडा, दमट गोदाम आणि सैल बांधलेलं तोंड मिळून ते कधी वीसवर आणतील, सांगता येत नाही. लाख लिटर पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन घालायचा तर ३३ टक्क्यांची पावडर सहाशे ग्रॅम पुरते, वीस टक्क्यांची किलोभर लागते.

४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. भट्टीबरोबर वसाहतीचे सेक्टर आले आणि सेक्टरांना पाणी लागलं, याचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. मरोदा टँकचं पाणी आम्ही पीत आलो. त्यात क्लोरीन किती, हे बघणं माझं काम होतं.

क्लोरीन मोजण्याची ही पारख मुळात पिण्याच्या पाण्यासाठी नव्हतीच. फ्रान्समध्ये रुआँच्या कापडवाल्यांना विरंजनाचं पाणी कडक आहे की पुचाट, हे कळेना. १७९५मध्ये देक्रॉझियनं त्यावर तोड काढली: ठरावीक पाण्यानं किती निळीचा रंग उडतो, ते मोजायचं. १८२४मध्ये गे-ल्युसॅकनं ती रीत घोटीव केली. १८५३मध्ये बुन्सेननं आयोडीन मोजण्याची पद्धत बसवली. त्याच वर्षी श्वार्झनं त्यासाठी थायोसल्फेट वापरलं. अमेरिकेत जर्सी सिटीचं पाणी नियमितपणे क्लोरिनानं शुद्ध होऊ लागलं ते १९०८ साली. म्हणजे धोब्याची मोजणी आधी, पिणाऱ्याची नंतर.

पोत्यातल्या पावडरीला आम्ही अजून तीच आयोडिनाची रीत लावतो. पावडर खलात पाण्याबरोबर घोटायची, द्रावण ढवळून गढूळ असतानाच पिपेटनं उचलायचं. निवळ वरचं घेतलं की आकडा खोटा. पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसेटिक ॲसिड पडलं की फ्लास्कमध्ये तपकिरी रंग उतरतो. ब्युरेटमधून हायपो, म्हणजे तेच थायोसल्फेट, सोडत तो फिक्या पिवळ्या रंगावर आणायचा आणि तेव्हाच स्टार्च घालायचा. घाई करून आधी घातला तर स्टार्च आयोडिनाला धरून बसतो, निळा रंग लवकर सुटत नाही. शेवटचे थेंब डोळ्यांत तेल घालून. निळा गेला की तोटी बंद.

नळाच्या पाण्याला ही रीत चालत नाही. तिथं लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम उरलाय का, एवढंच बघायचं असतं आणि इतकं थोडं आयोडिनाच्या रीतीत नीट सापडत नाही. त्यासाठी पूर्वी ऑर्थोटोलिडिन होतं, दोन थेंबांत पिवळं. सोयीचं खरं, पण कर्करोगाच्या संशयानं बदनाम झालं. पेलिननं १९५७मध्ये आणलेलं डीपीडी त्यापेक्षा भरवशाचं. त्यानं येणारा गुलाबी रंग फेरस अमोनियम सल्फेटनं उतरवत नेला की नेमका आकडा मिळतो. नुसता गुलाबी रंग तक्त्याशी ताडून समाधान मानणारे आमच्यात बरेच आहेत. पाण्याच्या टाकीवर उभं राहून तेवढं ठीक. नवं पोतं उतरवून घेताना मात्र मी ब्युरेटशिवाय सही केली नाही.