लोणारचा गुलाबी रंग आणि वर्णपटाची भाषा

मेहकर : प्रकाशाच्या असंख्य अरुंद पट्ट्यांत छायाचित्र घेऊन पदार्थाची रासायनिक ओळख पटविण्याच्या तंत्राला वर्णपटीय प्रतिमाचित्रण म्हणतात. या तंत्राची ताकद आणि मर्यादा मेहकरलगतच्या लोणार सरोवरावरून नेमकी समजते. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त लोणारची नोंद मेहकरचा भाग म्हणूनच केली असून, काच व साबणासाठी लागणारी द्रव्ये तेथे मिळतात, असे म्हटले आहे. या सरोवराची कीर्ती मुळातच रसायनाची!

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. 'लँडसॅट-८' उपग्रहाच्या २५ मे व १० जूनच्या प्रतिमांत हा बदल स्पष्ट दिसला. मात्र कारण शेवाळ की अन्य सूक्ष्मजीव, हे त्यावरून ठरणे शक्य नव्हते. या उपग्रहाच्या मुख्य कॅमेऱ्याला अवघे नऊ पट्टे आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासल्यावर क्षारप्रिय 'हॅलोआर्किया' सूक्ष्मजीवांचे नाव पुढे आले. नमुना स्थिर ठेवताच गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले.

शेकडो पट्टे टिपणारा कॅमेरा असता, तर दोन रंगद्रव्यांतील सूक्ष्म फरक पकडता येण्याची शक्यता होती. परंतु तेथे दुसरी अडचण येते. प्रतिमेच्या प्रत्येक बिंदूत पाणी, क्षार, शेवाळ, चिखल यांचे वर्णपट एकमेकांत मिसळलेले असतात आणि शेजारचे पट्टे बहुतांशी तीच माहिती पुन्हा देतात. रसायनमिती ही पुनरुक्ती गाळून मोजके मुख्य घटक वेगळे काढते आणि त्यांचा प्रयोगशाळेत मोजलेल्या प्रमाणाशी संबंध जोडते. पुढे मशीन लर्निंगची प्रणाली त्या आधारे न तपासलेल्या बिंदूंविषयी अनुमान करते.

पट्टे शेकडो आणि नमुने मोजकेच असले, की संगणक चक्क घोकंपट्टी करतो; ओळखीच्या नमुन्यांवर अचूक उत्तर देतो, नव्यावर साफ चुकतो. म्हणून काही नमुने त्याच्यापासून दडवून ठेवून परीक्षा घेतली जाते. शिवाय पाण्याचा नमुना शक्यतो प्रतिमेच्याच दिवशी घ्यावा लागतो. 'लँडसॅट-८' एका ठिकाणावर १६ दिवसांनी परततो. त्यात पावसाळ्याचे ढग आडवे आले, तर प्रतिमाही हाती लागत नाही.