वजन भागिले लांबीचा घन

ट्राउट अंगाने भरलेला आहे की रोडावलेला, हे मुरलेला गळवाला बघताक्षणी सांगतो. पण दोन तळ्यांतल्या माशांची तुलना करायची, तर नजर पुरत नाही, आकडा लागतो. तो काढायची रीत जगभर ‘फुल्टनचा स्थितीगुणांक’ या नावाने चालते. ग्रॅममधल्या वजनाला सेंटीमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागायचे आणि १०० ने गुणायचे. ४० सेंटीमीटरचा मासा ६४० ग्रॅम भरला तर गुणांक १. ८९६ ग्रॅम भरला तर १.४. गंमत अशी, की हे सूत्र फुल्टनने मांडलेच नव्हते.

मुळात कल्पना भूमितीची. आकार तोच राहून लांबी दुप्पट झाली, की वजन आठपट व्हायला हवे. स्कॉटलंडच्या मत्स्यमंडळात काम करणाऱ्या टॉमस वीम्स फुल्टनने समुद्रातले मासे मोजून-तोलून हा नियम तपासला. १९०४ च्या अहवालात त्याने लिहिले ते उलटेच: माशांना हा नियम काटेकोर लागू पडत नाही, बहुतेक जाती त्याहून जास्त वेगाने वजन धरतात. पुढे १९०८ मध्ये जर्मनीच्या फ्रीडरिश हाइन्केने प्लेस या चपट्या माशासाठी हे गुणोत्तर वापरले. तरी नाव चिकटले फुल्टनचे. कित्येक शोधनिबंध तर आधार म्हणून त्याच्या १९११ च्या ‘द सॉव्हरिन्टी ऑफ द सी’ या पुस्तकाकडे बोट दाखवत राहिले. ते पुस्तक समुद्रावरच्या राजकीय हक्कांचा इतिहास सांगते! रिचर्ड नॅश आणि सहकाऱ्यांनी हा घोळ निस्तरला तो २००६ मध्ये.

ट्राउटच्या तळ्यांना या गणिताची गरज का पडली, हे न्यूझीलंडच्या टाउपो सरोवरात दिसते. तिथे ट्राउट मूळचा नाही, माणसाने सोडलेला. सुरुवातीला स्थानिक छोट्या माशांवर तो मातला, संख्या बेसुमार वाढली, खाद्य संपले आणि १९१० च्या दशकात मासे खंगले. सरकारने जाळी टाकून ट्राउट उपसले, तेव्हा उरलेले पुन्हा अंगावर आले. १९३० च्या दशकात त्यांच्या खाद्यासाठी स्मेल्ट नावाचे छोटे मासे आणून सोडले. न्यूझीलंडमधले गळवाले हिशेब पौंड-इंचांत करत. त्यांचा ३६ म्हणजे वरच्या सूत्रातला १.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात हॅचरीतली बोटुकली, म्हणजे माशांची पिल्ले, तळ्यांत सोडतात. तिथल्या मत्स्यखात्याने १९९८ मध्ये सामान्य गळवाल्यांसाठी सोपी प्रतवारी छापली: १.६ म्हणजे उत्तम, १.४ चांगला, १.२ ठीक, १ म्हणजे लांबोडा आणि हडकुळा, ०.८ म्हणजे डोके मोठे, अंग काडी.

मोजताना मात्र हात जपून चालवावा लागतो. लांबी तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत घेतली की शेपटीच्या खाचेपर्यंत, हे आधी ठरवायचे. ६४० ग्रॅमच्या त्याच माशाची लांबी ४० ऐवजी ३९ धरली, तर गुणांक १ वरून जवळपास १.०८ वर जातो. घनात छोटी चूकही फुगते. ऋतूही बघायचा. गाबोळीने भरलेली मादी जड भरते, अंडी घातल्यावर तीच रोड दिसते. शिवाय घनाचा नियमच मुळात काटेकोर नाही. म्हणून तर १९५१ मध्ये इंग्लंडच्या विंडरमियर सरोवरातल्या पर्च माशांवर काम करताना ल क्रेनने वेगळी पद्धत सुचवली: घन गृहीत न धरता, त्या लांबीच्या माशाचे अपेक्षित वजन त्याच तळ्यातल्या मोजमापांवरून काढायचे आणि त्याच्याशी तुलना करायची.

फुल्टनची शंका अशी खरी ठरली, तरी भागाकार टिकला, कारण तराजू आणि मोजपट्टी एवढ्यावर तो भागतो. एका माशाच्या आकड्यावरून तळ्याची पारख करू नये. पण एकाच ऋतूत, एकाच रीतीने मोजलेल्या बऱ्याच माशांचे आकडे वर्षानुवर्षे खाली घसरत असतील, तर आणखी बोटुकली सोडण्याआधी तळ्यात खायला काय उरले आहे ते तपासावे.