पाणबुड्याचा मुखवटा आणि सावित्रीचे पाणी

श्रोतेहो, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला. दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. नौदलाचे पाणबुडे मुखवटे चढवून नदीत उतरले, तरी गाड्यांचे सांगाडे हाती लागायला आठवड्यावर दिवस गेले. काच डोळ्यांवर असून दिसत का नव्हते?

आधी ती काच करते काय ते पाहू. विहिरीत सूर मारून डोळे उघडले की सारे धूसर दिसते, हे गावच्या पोरांना सांगायला नको. आपल्या बुबुळापुढचा पारदर्शक पडदा प्रकाशकिरण वाकवतो, पण समोर हवा असेल तरच. पाणी आणि तो पडदा, दोघांचा किरण वाकवण्याचा गुण जवळपास सारखा. त्यामुळे डोळ्याची सुमारे दोन तृतीयांश शक्ती पाण्यात फुकट जाते. मुखवटा डोळ्यापुढे हवेचा थर राखतो आणि ती परत देतो. थोडी फसवणूकही करतो बरं का! चार हातांवरचा मासा तीन हातांवर भासतो, नवख्याचा हात आखूड पडतो.

ही युक्ती सहज साधली नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूताने इराणच्या आखातातले मोती काढणारे पाहिले; ते तोंडावर कासवाच्या कवचाचे झाकण बांधीत. १८३० नंतर लंडनच्या ऑगस्टस सीबने काचेच्या खिडक्यांचे शिरस्त्राण केले, त्यात वरून पंपाने हवा सोडीत. नुसते चष्मे मात्र खोल पाण्यात डोळ्यांवर आवळत, कारण १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि आतली हवा वाढवायला वाट नाही. विसाव्या शतकात नाकही काचेआड घेणारा मुखवटा आला. आता नाकाने आत हवा सोडली की झाले. इतकी साधी गोष्ट, पण सुचायला किती काळ लागला!

हे सारे स्वच्छ पाण्यात. पावसाळ्यात सावित्री, कुंडलिका डोंगरची माती घेऊन समुद्राकडे धावतात. मातीचे कण प्रकाश अडवतात, विखुरतात. मुखवटा त्यांना काय करणार? अशा पाण्यात पाणबुड्या हातांनी चाचपडत जातो. सावित्रीत तर लोखंड शोधायला ३०० किलोचे लोहचुंबक सोडावे लागले.

गुरुजी, वर्गात हे दाखवणे सोपे आहे. स्वच्छ काचेच्या पेल्यात पाणी घ्या, मागे पुस्तकाचे पान धरा, आणि चिमूट चिमूट गाळ टाकून ढवळा. कितव्या चिमटीला अक्षरे बुडाली, ते मुलांनाच मोजू द्या.