यंदाची यादी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या चाहत्याला भेटायचं तर ऑगस्ट महिन्यात भेटावं. तेव्हा त्याचा संघ एकही सामना हरलेला नसतो, कारण तो अजून एकही खेळलेला नसतो.

हे फुटबॉल म्हणजे मेस्सीचं नव्हे. लांबट चेंडू काखेत मारून धावायचा आणि हेल्मेटवाल्या पैलवानांनी एकमेकांना आडवं करायचं, ते. हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा, सामने अकरा-बारा. उरलेले नऊ महिने चाहत्याच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे पुढच्या हंगामाच्या खेळाडूंची यादी, रोस्टर. नाव, जागा, उंची, वजन, गाव, कॉलेजचं कितवं वर्ष. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावानंतर जसं ‘यंदा आपलीच टीम’ सुरू होतं, तसंच तिथे होतं. फरक इतकाच की तिथली यादी लोक पंचांगासारखी वाचतात. गेल्या वर्षीचा पोरगा दहा किलोने वाढलाय, म्हणजे योग चांगला आहे.

या आशेची खरी परीक्षा कुठे झाली असेल, तर कॅन्ससमधल्या मॅनहॅटन गावात. न्यूयॉर्कचं मॅनहॅटन वेगळं. हे मैदानी मुलखातलं छोटं विद्यापीठाचं गाव. १८६३ साली इथे शेतकी शिक्षणासाठी कॉलेज निघालं, तेच आजचं कॅन्सस स्टेट विद्यापीठ. तिथला फुटबॉल संघ १८९६पासून खेळतोय आणि त्यातली बरीच वर्षं तो हरतच होता.

किती? १९८९चा हंगाम सुरू होताना हिशेब असा होता: २९९ विजय, ५१० पराभव, ४१ बरोबरीत. पहिल्या दर्जाच्या संघांमध्ये पाचशे पराभवांचा टप्पा सर्वांत आधी गाठण्याचा मान याच संघाचा. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाने त्या सप्टेंबरात त्यांच्यावर लेख छापला आणि विद्यापीठाचं जणू ‘निष्फळ विद्यापीठ’ असं बारसंच करून टाकलं.

आकडे बाजूला ठेवा आणि एका विद्यार्थ्याची कल्पना करा. तो १९८५च्या पावसाळ्यानंतर तिथे शिकायला आला आणि चार वर्षांनी पदवी घेऊन गेला. त्या काळात त्याच्या संघाने ४४ सामने खेळले. जिंकले तीन. एक बरोबरीत सुटला. शेवटची दोन वर्षं तर एकही विजय नाही. तरी दर ऑगस्टला नवी यादी आलीच असणार, आणि ती वाचणारेही होतेच.

ही माणसं वेडी होती का? तसं म्हणता येत नाही, कारण यादीवरचा विश्वास एकदा फळाला आलेला त्यांनी पाहिला होता. त्या खेळात एक सोय आहे, तिला ‘रेडशर्ट’ म्हणतात. खेळाडूला कॉलेजच्या पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, त्यामुळे एक वर्ष त्याला बाहेर बसवून नुसता सराव करवून घेता येतो. १९८१ साली प्रशिक्षक जिम डिकी यांनी आपले बरेच अनुभवी खेळाडू असेच मुद्दाम राखून ठेवले. तो हंगाम त्यांनी जवळजवळ सोडूनच दिला. नऊ सामने हरले, दोन जिंकले. चाहत्यांना सांगायला एकच गोष्ट होती: पुढच्या वर्षीची यादी बघा.

आणि १९८२मध्ये ती यादी खरी ठरली. संघाने सहा सामने जिंकले आणि इतिहासात पहिल्यांदा हंगामानंतरच्या मानाच्या ‘बोल’ सामन्याचं आमंत्रण आलं. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला विस्कॉन्सिनकडून १४–३ असा पराभव झाला, पण तिथवर पोचले हेच अप्रूप. मग ती पोरं पदवी घेऊन गेली, यादी रिकामी झाली, आणि घसरण सुरू झाली. बियाणं राखून एक पीक काढलं, पण पुढच्या पेरणीला काही उरलं नाही.

१९८८च्या अखेरीस आयोवाहून बिल स्नायडर नावाचे प्रशिक्षक आले. स्वभावाने शांत, कामाला राक्षस. महाविद्यालयीन फुटबॉलमधलं सर्वांत मोठं परिवर्तन घडवण्याची संधी इथेच आहे, असं ते आल्याआल्या म्हणाले. लोकांना हे भाषण ऐकायची सवय होती. पहिल्या हंगामाचे पहिले तिन्ही सामने संघ हरला. सलग तीस सामने विजयाविना.

३० सप्टेंबर १९८९. समोर नॉर्थ टेक्सस. कॅन्सस स्टेट १७–१४ने मागे. शेवटचे सेकंद संपताना कार्ल स्ट्रॉने चेंडू फेकला, फ्रँक हर्नान्डेझने तो झेलला. २०–१७. जवळजवळ तीन वर्षांनंतरचा पहिला विजय. त्या हंगामातला एकमेव.

पुढे यादी बदलत गेली ती स्नायडर यांच्या पद्धतीने. मोठमोठी विद्यापीठं ज्या शालेय खेळाडूंच्या मागे धावत, ते इथे येणार नव्हते. म्हणून स्नायडर दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांत शोधायला गेले. तिथली पोरं वयाने थोडी मोठी, कुठेतरी डावललेली, आणि घाई असलेली. टेक्ससच्या ब्लिन कॉलेजातून आलेला क्वार्टरबॅक मायकल बिशप हा त्यातलाच. १९९० साली पाच विजय, १९९१ला सात, १९९३ला नऊ आणि पहिला बोल-विजय. १९९८मध्ये नेब्रास्काला ४०–३० असं हरवलं. त्याआधी नेब्रास्काकडून ते सलग २९ वर्षं हरले होते.

त्या वर्षी साखळीतले अकराच्या अकरा सामने जिंकून संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या दारात उभा होता. सेंट लुइसमधल्या ‘बिग १२’च्या अंतिम सामन्यात शेवटच्या सत्रात पंधरा गुणांची आघाडी होती. ती गेली. दुहेरी जादा वेळेत टेक्सस ए अँड एमने ३६–३३ने हरवलं. तळाचा संघ हरला की लोक हसतात. शिखराशी पोचून हरला की घरात कोणी बोलत नाही. तरी पुढच्या ऑगस्टला यादी आलीच. अखेर २००३मध्ये ओक्लाहोमाला ३५–७ असं धुऊन ‘बिग १२’चं अजिंक्यपद मिळालं.

स्नायडर दोन टप्प्यांत २७ हंगाम राहिले आणि २१५ सामने जिंकले. आधीच्या ९३ वर्षांत मिळून २९९ होते.

आता खेळच बदललाय. २०१८पासून ‘ट्रान्सफर पोर्टल’ आलं. २०२१पासून पहिल्यांदा विद्यापीठ बदलणाऱ्याला लगेच खेळता येऊ लागलं आणि त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. खेळाडूच्या बाजूने हा न्याय आहे, त्यांच्या घामावर इतरांनी बरंच कमावलं होतं. पण चाहत्याचं एक सुख त्यात हललं. पहिल्या वर्षाचा लुकडा पोरगा चौथ्या वर्षी संघाचा खांब होईल, म्हणून वाट पाहायची, ते सुख. आता तो दुसऱ्याच वर्षी दुसऱ्या गावाचा झालेला असू शकतो. डिकींसारखं एक अख्खं वर्ष राखून ठेवण्याची हिंमत आज कोण करेल? राखलेलं बियाणं दुसऱ्याच्या शेतात उगवायचं.

म्हणून १९८९च्या त्या चाहत्यांकडे पुन्हा बघावंसं वाटतं. यादीतली नावं दर वर्षी बदलत होती, प्रशिक्षक बदलत होते, पराभव तेवढा कायम होता. ते कोणत्याही एका खेळाडूवर विसंबून नव्हतेच. गाव तेच, मैदान तेच, शेजारच्या खुर्चीतला माणूसही तोच. यादी हे फक्त पुन्हा एकत्र जमण्याचं निमित्त होतं. नॉर्थ टेक्ससविरुद्धचा तो शेवटचा झेल पाहायला हजर राहायचं, तर आधीचे तीस सामने सोसावे लागत होते. आणि ते सोसताना तो झेल येणार आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं.