दोन माश्या, एक नाव

शार्ल कोक्रेल या फ्रेंच आरमारी डॉक्टराचे एक टिपण १८५८ साली फ्रान्सच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या वार्षिकात छापले गेले. विषय त्याच्या शीर्षकातच आला आहे: कायेन येथे माणसाच्या कपाळाच्या पोकळ्यांत वाढलेल्या, माशीच्या एका नव्या जातीच्या अळ्या. कायेन हे दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाचे मुख्य ठाणे. १८५२ पासून फ्रान्सने तिथे कैद्यांची वसाहत चालवली होती आणि या अळ्या तिथल्या कैद्यांच्या नाकात सापडत होत्या. कोक्रेलने माशीला ‘लुसिलिया होमिनिव्होरॅक्स’ असे नाव दिले. अळ्या जिवंत माणसाचे मांस खात होत्या, ही माझ्या मते त्या टिपणातली सर्वांत मोलाची नोंद. पुढची पाऊणशे वर्षे तिचे मोल कोणी ओळखले नाही.

याचे कारण दुसरी एक माशी. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७७५ मध्येच अमेरिकेतल्या एका हिरव्या-निळ्या माशीचे ‘मॅसेलारिया’ या नावाने वर्णन केले होते. ही मढ्यावर अंडी घालते. उन्हाळ्यात टेक्सासच्या कुरणांवर तिचे थवेच्या थवे दिसत. कोक्रेलची माशी दिसायला अगदी हिच्यासारखी, म्हणून अभ्यासकांनी दोघींना एकच ठरवले आणि होमिनिव्होरॅक्स हे नाव समानार्थी म्हणून बाजूला पडले.

या चुकीची किंमत पशुपालकांनी मोजली. अमेरिकी कृषी खात्याची १९१७ ची ८५७ क्रमांकाची शेतकरी-पत्रिका पाहावी. तिचे लेखक बिशप, मिचेल आणि पारमन ही अनुभवी माणसे. जखमेतल्या अळ्या क्लोरोफॉर्मने माराव्यात, मेलेली जनावरे जाळून टाकावीत, शिंगे काढणे व खच्चीकरण माश्यांच्या हंगामात करू नये, असा त्यांचा सल्ला आहे. शेवटची सूचना आजही पटते. पण मढी जाळण्याचा सारा खटाटोप चालला होता तो मॅसेलारियाविरुद्ध. वासराच्या ओल्या नाळेवर अंडी घालणारी माशी मढ्यात वाढतच नव्हती. मढी जाळून तिचे काही बिघडत नव्हते.

गाठ सुटली ती, मला वाटते, भारतातल्या कामामुळे. वॉल्टर स्कॉट पॅटन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर मद्रासजवळच्या गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये माश्यांचा अभ्यास करत. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये १९२० पासून त्यांचे निबंध येऊ लागले. पहिल्याच निबंधाचा विषय ‘क्रायसोमिया बेझियाना’. आपल्याकडे बैलाच्या खांद्याला किंवा शिंगाच्या बुडाला जखम होऊन ‘किडे पडले’ म्हणतात, त्यामागे बहुधा हीच माशी असते. ही जिवंत देहाच्या जखमेवरच अंडी घालते आणि मढ्यावर भिरभिरणाऱ्या तिच्या भाऊबंदांपेक्षा निराळी आहे, हे पॅटन यांनी अळ्या वाढवून, त्यांतून निघालेल्या माश्या तपासून दाखवले.

पुढे पॅटन लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत प्राध्यापक झाले. तिथे अमेरिकेचे एमरी कुशिंग त्यांच्याबरोबर काम करू लागले. १९३३ मध्ये दोघांच्या नावाने निबंध निघाला. त्यात नरांच्या जननेंद्रियांची रचना ताडून अमेरिकेतल्या दोन माश्या कायमच्या वेगळ्या केल्या होत्या. जिवंत मांसावर जगणाऱ्या माशीला त्यांनी ‘कॉक्लिओमिया अमेरिकाना’ हे नवे नाव दिले. कोक्रेलने वर्णिलेली माशी हीच, हे नंतर मान्य झाले आणि नावाचा मानही त्याच्याकडे गेला. मद्रासचे आणि लिव्हरपूलचे निबंध शेजारी ठेवून वाचले की एकाच दृष्टीचा माग लागतो: आधी जखमेतली अळी घ्यायची, ती वाढवायची, मग माशी कोणती ते ठरवायचे. मांसाचे आमिष लावलेल्या सापळ्यात सापडते ती बहुतेक मॅसेलारियाच. सापळ्यावर विसंबलेल्यांना खरी अपराधी क्वचितच भेटली.

दोघी वेगळ्या झाल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. थव्यांनी दिसणारी माशी निरुपद्रवी निघाली आणि खरी उपद्रवी माशी संख्येने थोडी. अमेरिकी कृषी खात्यातले कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग यांच्या विचाराला याच गोष्टीने बळ दिले. मादी बहुधा एकदाच जुगते. मग प्रयोगशाळेत वाढवलेले वांझ नर रानातल्या नरांहून जास्त संख्येने सोडले, तर अंडी फुकट जातील. त्यांचे सहकारी रेमंड बुशलँड यांनी कोषांवर क्ष-किरण सोडून नर वांझ करता येतात हे दाखवले. १९५४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सुमारे ४४० चौरस किलोमीटरच्या क्युरासाव बेटावर विमानातून वांझ माश्या सोडल्या गेल्या. शेळ्यांच्या जखमांवरची अंडी गोळा करून ती उबतात की नाही हे पाहिले जाई. काही महिन्यांत अंडीच मिळेनाशी झाली. मॅसेलारियाचे थवे समोर ठेवून हा हिशेब कोणी मांडायला धजले नसते.