पूर्वसज्जता, प्रशांत युद्धातील : पर्यायी इतिहास

अमेरिकेने डिसेंबर १९४१ पूर्वीच पुरेशी लष्करी तयारी केली असती, तर प्रशांत महासागरातील युद्धाला कोणते वळण लागले असते, हा जर-तरच्या इतिहासातील एक विषय. त्याची चर्चा बहुधा पर्ल हार्बरपुरती होते. मात्र त्या युद्धाची पहिली चकमक मलायातील कोटा बारू येथे झाली आणि तेथील विमानतळाच्या रक्षणासाठी हैदराबाद संस्थानाची पलटण तैनात होती. त्यामुळे निझामाच्या या संस्थानाच्या इतिहासालाही हा विषय भिडतो.

स्वरूप : जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेमुळे पर्यायी इतिहास मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. ललित लेखनात कल्पनेला मोकळीक असते. इतिहासाच्या अभ्यासात मात्र त्या काळच्या निर्णयकर्त्यांपुढे खरोखर असलेले पर्यायच विचारात घेतले जातात आणि एक बाजू बदलली की दुसरी बाजू काय करील, हेही तपासले जाते.

प्रत्यक्ष घटना : ८ डिसेंबर १९४१ रोजी मध्यरात्रीनंतर मेजर जनरल ताकुमी यांच्या हाताखालील सुमारे ५,३०० जपानी सैनिक कोटा बारूच्या किनाऱ्यावर उतरू लागले. पर्ल हार्बरवर पहिला बाँब पडण्यास तेव्हा सुमारे तासभर अवकाश होता. ब्रिगेडियर की यांच्या आठव्या भारतीय ब्रिगेडमधील डोग्रा पलटणीने किनाऱ्यावर कडवा प्रतिकार केला. ऑस्ट्रेलियन हडसन विमानांनी ‘आवाजिसान मारू’ हे वाहतूक जहाज निकामी केले. संध्याकाळी मात्र शत्रू विमानतळापाशी पोहोचल्याची आवई उठली. इमारतींना आग लावून विमानतळ सोडण्यात आला. धावपट्टी, इंधन आणि बाँब जपान्यांच्या हाती शाबूत लागले. तेथील पहिली हैदराबाद पायदळ पलटण संस्थानी फौजेची होती. मलायात लढलेली ‘४/१९ हैदराबाद’ ही पलटण वेगळी; ती ब्रिटिश हिंदी लष्कराच्या १९व्या हैदराबाद रेजिमेंटची होती आणि या रेजिमेंटला १९४५ मध्ये कुमाऊँ हे नाव मिळाले. आठ आठवड्यांत सारा द्वीपकल्प पडला आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर शरण गेले.

अमेरिकेची तयारी : १९२२ च्या वॉशिंग्टन करारामुळे पश्चिम प्रशांतातील तळांची तटबंदी वाढवण्यास अमेरिकेला मनाई होती. १९३६ अखेर ते बंधन संपले, तरी ग्वाम बेटावरील कामासाठी मागितलेला निधी अमेरिकी काँग्रेसने १९३९ मध्ये नाकारला. दोन महासागरांसाठी आरमार उभारण्याचा कायदा जुलै १९४० मध्ये, तर सक्तीच्या लष्करभरतीचा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाला. तथापि एसेक्स वर्गातील पहिली विमानवाहू नौका डिसेंबर १९४२ अखेरीस सेवेत दाखल झाली. फिलिपीन्सची कुमक एप्रिल १९४२ पर्यंत पूर्ण होईल, असा हिशेब होता. युद्ध त्याआधीच आले.

पहिला पर्याय, पर्ल हार्बरची सावधगिरी : २७ नोव्हेंबर १९४१ चा युद्धाचा इशारा गांभीर्याने घेऊन टेहळणी वाढवली असती आणि ७ डिसेंबरच्या सकाळी ओपाना येथील रडारवर दिसलेली विमाने शत्रूची म्हणून ओळखली असती, तर २,४०३ मृत्यूंपैकी बरेच टळले असते. पण आरमार आधीच बाहेर पडले असते, तर विमानांच्या संरक्षणाविना जुन्या युद्धनौका खोल समुद्रात बुडाल्या असत्या आणि त्या पुन्हा वर काढता आल्या नसत्या, असे पुढे ॲडमिरल निमित्झ यांनी म्हटले. पॅसिफिक आरमाराकडे तीन विमानवाहू नौका होत्या. हल्ल्यासाठी आलेल्या जपानी ताफ्यातच सहा होत्या. शिवाय हवाईपासून कोटा बारू दहा हजार किलोमीटरांहून दूर आहे. पर्ल हार्बरच्या सावधगिरीचा मलायाला तातडीने काही उपयोग नव्हता.

दुसरा पर्याय, फिलिपीन्सची बळकटी : लुझोन बेटावर पुरेशी लढाऊ विमाने, रडार आणि विमानविरोधी तोफा असत्या, तर तैवानहून दक्षिणेकडे जाणारा जपानी सागरी मार्ग धोक्यात आला असता. प्रत्यक्षात फिलिपीन्समध्ये ३५ बी-१७ बाँबफेकी विमाने होती आणि पर्ल हार्बरची बातमी कळूनही त्यांतील सुमारे निम्मी पहिल्याच दिवशी क्लार्क तळावर उभ्या जागी नष्ट झाली. केवळ विमानांची संख्या वाढवून भागले नसते, हे यावरून दिसते.

तिसरा पर्याय, वेळेवर आश्वासन : कोटा बारूच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा. सयाममध्ये (थायलंडमध्ये) आधीच घुसून सिंगोरा आणि पटानी ही बंदरे ताब्यात घेण्याची ‘मॅटॅडोर’ ही ब्रिटिश योजना होती. तटस्थ देशावर प्रथम पाऊल टाकल्यास अमेरिका पाठिंबा देणार नाही, या धास्तीने लंडनने हात आखडता घेतला. रूझवेल्ट यांचे आश्वासन डिसेंबरच्या आरंभी मिळाले आणि ५ तारखेला सरसेनापती ब्रुक-पॉपम यांना योजना अमलात आणण्याचा अधिकार देण्यात आला. ६ तारखेला जपानी ताफा दिसला, तरी ते कचरले. ८ तारखेला योजना रद्द झाली. हेच आश्वासन काही आठवडे आधी मिळाले असते, तर अकराव्या भारतीय डिव्हिजनला एकतर सयामी बंदरे गाठता आली असती किंवा मलायातील जित्रा येथील मोर्चे तरी नीट बांधता आले असते.

या पर्यायालाही मर्यादा आहेत. मॅटॅडोर यशस्वी झाली असती, तरी कोटा बारूवरील हल्ला टळला नसता. मलायाच्या रक्षणासाठी ३३६ विमाने हवीत, असे ब्रिटिश सेनाप्रमुखांनी १९४० मध्ये ठरवले होते. युद्ध सुरू झाले तेव्हा १५८ होती. रणगाडा एकही नव्हता. लष्कराचा सल्ला न घेता किनाऱ्यालगत बांधलेले विमानतळ राखण्यासाठी पायदळ विखुरले गेले होते.

जपानची प्रतिक्रिया : पूर्वसज्जतेच्या मांडणीतील कच्चा दुवा हाच. १९४१ अखेरीस जपानचे आरमार अमेरिकेच्या सुमारे ७० टक्के होते आणि अमेरिकेचा नौकाबांधणी कार्यक्रम पुढे सरकेल तसे हे प्रमाण घटणार होते. जुलै १९४१ मध्ये अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि पाठोपाठ तेलाचा पुरवठाही थांबला. शस्त्रसज्जता दोन वर्षे आधी सुरू झाली असती, तर जपान कदाचित कचरला असता. पण संधी निसटण्यापूर्वी त्याने आधीच घाव घातला असता, हीही शक्यता तितकीच आहे.

हैदराबाद संस्थानावरील परिणाम : मलाया टिकला असता, तर ब्रह्मदेशावरील आक्रमण लांबले असते आणि तेथून येणारा तांदूळ १९४२ मध्ये एकाएकी बंद झाला नसता. त्यानंतरच्या टंचाईत संस्थानाने शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्यलेव्ही वसूल केली आणि ती पुढे असंतोषाचे मोठे कारण ठरली. सिंगापुरात हिंदी सैनिक मोठ्या संख्येने कैद झाले नसते, तर आझाद हिंद फौजही त्या रूपात उभी राहिली नसती. ‘जय हिंद’ ही घोषणा सुचवणारे, सुभाषचंद्र बोस यांचे सहकारी आबिद हसन सफरानी हे हैदराबादचेच.

मूल्यमापन : उपलब्ध पर्याय तपासता, आधीच्या अमेरिकी सज्जतेमुळे जपानी आगेकूच मंदावली असती, असे म्हणण्यास आधार आहे, ती थांबलीच असती, असे म्हणण्यास नाही. मलायाच्या बाबतीत अमेरिकेच्या जहाजांपेक्षा तिच्या राजकीय आश्वासनाची वेळ अधिक निर्णायक होती. त्या आश्वासनाचा लाभ उठवण्याइतकी विमाने, रणगाडे आणि प्रशिक्षित पायदळ पुरवणे मात्र ब्रिटिशांचेच काम होते.