तळटीप : ‘अंतःकरणशुद्धी’

* कोवलम म्हणजे चेन्नईच्या दक्षिणेचे मच्छीमार गाव, केरळातले नव्हे. तेथील १८०८ मधील चर्च कार्मेलमातेचे. त्यामुळे लेखकाने अंतःकरणशुद्धीच्या चर्चेत कार्मेल परंपरेतल्या, गळ्यात घालायच्या तपकिरी लोकरी पट्टीचा, म्हणजे स्कॅप्युलरचा, दाखला घेतला आहे. यावर आक्षेप ठरलेला : मार्कच्या सातव्या अध्यायात येशू हात धुण्याच्या रूढीला गौण ठरवतो, माणूस आतून विटाळतो म्हणतो, मग गळ्यातले कापड काय शुद्ध करणार? आक्षेप अर्धाच खरा. त्याच अध्यायातल्या आतल्या मळाच्या यादीतले हे शब्द पाहा : चोरी, लोभ, कपट, निंदा. सगळा बाजारातला, शेजारातला व्यवहार! अंतःकरणासाठीचा हिब्रू शब्द ‘लेव्ह’; ते निव्वळ भावनेचे नव्हे, निश्चयाचेही स्थान. त्याची परीक्षा मासळीच्या तराजूवरही होते. शिवाय मुळात स्कॅप्युलर हा मठवासीयांचा कामाच्या वेळी घालायचा अंगरखा; बेनेडिक्टच्या नियमावलीत तो कामासाठीच सांगितला आहे. पुष्कळ जण त्याचा ताईत करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कॅथलिक शिकवणीत तो सात संस्कारांत मोडत नाही आणि त्याचे फळ घालणाऱ्याच्या वृत्तीवर सोडलेले आहे. म्हणून आम्ही ‘अंतःकरणशुद्धी’ऐवजी ‘मनःशांती’ हा पर्याय टाळला.